चाळणीतलं ग्रहण

फार मागची गोष्ट आहे. एका मोठ्या नदीच्या वळणावर ओताऱ्यांची एक आळी होती. ओतारी म्हणजे तांबं, कासं वितळवून घंटा, समया, मूर्ती ओतणारे लोक. त्या आळीत एक ओतारी राहत होता. सगळं गाव त्याला ‘नजर’ म्हणायचं.

त्याचं कारण असं. भट्टीवर मुशीतला, म्हणजे मातीच्या जाड भांड्यातला, धातू वितळू लागला की त्याचा रंग बदलत जातो. आधी पळसासारखा लाल, मग केशरी, मग पिकल्या लिंबासारखा पिवळा. त्या पिवळ्यातही एक क्षण असा येतो की तेव्हाच ओतायचं. घाई केली तर घंटा मुकी निघते, वाजवली तर फुटक्या डब्यासारखी वाजते. उशीर झाला तर साचा फुटतो आणि उकळता रस उसळून ओतणाऱ्यांच्याच अंगावर येतो.

म्हणून आळीचा रिवाज ठरलेला होता. मूस उचलणाऱ्यांनी आपल्या पायांकडे बघायचं, भाता ओढणारीने भात्याकडे, आणि मुशीत बघायचं ते एकट्यानेच. त्याने “ओता!” म्हटलं की ओतायचं. तोवर कोणी चकार शब्द काढायचा नाही.

तो एकटा म्हणजे हा ओतारी. त्याच्या बापाने त्याला लहानपणी एकच गोष्ट पक्की शिकवली होती. “आग डोळ्यांना त्रास देण्याआधी गालाला सांगते. गालाला चटका बसला की मान फिरवायची.” ओताऱ्याने ते जन्मभर पाळलं होतं. केस पिकायला लागले तरी डोळ्यांत कधी पाणी आलं नाही. सुईत दोरा तो बायकोआधी ओवायचा, आणि वर ऐकवायचा, “माझ्या डोळ्यांनी विस्तव प्यायलाय. त्यांना काय होतंय!”

त्या वर्षी गावाने त्याला मोठं काम दिलं होतं. नदीवर धुकं दाटलं की नावाड्यांना काठ कुठे आहे ते कळत नसे. घाटावरची जुनी घंटा तडकली होती. नवी ओतायची म्हणून घरोघरच्या बायकांनी फुटक्या काशाच्या वाट्या, चेपलेले तांबे आणून अंगणात ढीग घातला होता. साचा वाळून तयार होता. पण मध्ये सूर्यग्रहण आलं. ग्रहणात भट्टी पेटवायची नाही, हाही आळीचा रिवाज. तेव्हा ग्रहण सुटल्यावर भट्टी पेटवायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ओतायचं असं ठरलं.

गावात पंचांग बघणारे एक म्हातारे जोशीबुवा होते. त्यांनी आदल्या दिवशी दवंडी पिटवली.

“ऐका हो ऐका! उद्या ग्रहण आहे. खुशाल बाहेर या, खुशाल बघा. पण सूर्याकडे तोंड करू नका, पाठ करा! हातात चाळणी धरा आणि जमिनीवर बघा! काजळी धरलेल्या काचेतून नको, परातीतल्या पाण्यात नको, उघड्या डोळ्यांनी तर नकोच नको!”

ओतारी ओट्यावर बसून साच्याला शेवटचा हात देत होता. तो हसला.

“ऐकलंस का गं? सूर्य वर आणि बघायचं खाली! उद्या बुवा सांगतील, जेवण ताटात आणि घास परातीत.”

“अहो, बुवा उगाच सांगायचे नाहीत,” बायको म्हणाली.

“बुवांनी जन्मभर दिव्याखाली पोथी वाचली. मी जन्मभर भट्टीत बघितलं. आगीचं मला सांगतात होय!”

बायकोने फळीवरची चाळणी उतरवली. पितळेची, बारीक गोल भोकांची. लग्नाच्या वर्षी ओताऱ्यानेच ठोकून तिला दिलेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळचं ऊन चांगलं तापलं आणि ग्रहण लागलं. ओताऱ्याचा धाकटा भाऊ, त्याचा मेहुणा, शेजारच्या बायका, सगळे अंगणात जमले होते. बायकोने सूर्याकडे पाठ केली आणि सारवलेल्या जमिनीवर चाळणी धरली. आधी सगळे ठिपके गोल होते. मग एकेका ठिपक्याचा लचका तुटू लागला. बघता बघता चाळणीखाली उन्हाच्या कोरीच कोरी झाल्या. जितकी भोकं तितक्या कोरी.

“आई गं! किती सूर्य सांडले!” ओताऱ्याची मुलगी उकिडवी बसून ओरडली. घरात सगळे तिला बायो म्हणायचे. दुधाचे दात पडायच्या वयाची पोर. “आई, हा बघ कोयत्यासारखा! हा पण कोयत्यासारखा!”

धाकटा भाऊही वाकून बघत होता. ओतारी त्याला म्हणाला, “काय रे, पीठ चाळायला बसलास का? ग्रहण वर लागलंय.”

“दादा, इथे छान दिसतंय की.”

“हे चाळणीतलं ग्रहण बायकापोरांचं. पुरुषासारखा पुरुष तू, मान वर कर.”

भावाने मान वर केली नाही. तेव्हा ओताऱ्यानेच केली.

सूर्य अर्ध्याहून जास्त झाकला गेला होता. ऊन मऊ पडलं होतं. कोंबड्या खुराड्याकडे निघाल्या होत्या आणि नदीवरून गार वारा येत होता. ओताऱ्याने आधी हाताचा आडोसा धरला, मग हात खाली घेतला. डोळे जरा मिचकावले, मग स्थिर केले. तो गालाला चटका बसायची वाट बघत होता. चटका बसला की मान फिरवायची, एवढंच त्याला ठाऊक होतं.

चटका बसला नाही.

“अरे, भट्टीपुढे हे काहीच नाही!” तो म्हणाला. “बायो! ये इकडे. आबांच्या खांद्यावर बसून खरा सूर्य बघ.”

“अहो, पोरीला नको!” बायको चाळणी टाकून धावली.

“अगं, ओताऱ्याची पोर आहे ती. तिला आगीची भीती घालू नकोस.”

तोवर बायो त्याच्या खांद्यावर चढलीही होती. दोन्ही हातांनी तिने बापाचं कपाळ धरलं होतं.

“दिसला का?”

“दिसला, आबा!”

“कसा आहे?”

“कोयत्यासारखा!”

“बघा!” ओतारी अंगणाकडे वळून हसला. “माझ्या पोरीला दिसला आणि तुम्ही सगळे शेण बघत बसलाय.”

बायकोने मुलीला ओढून खाली घेतलं, कडेवर उचललं आणि घरात नेलं. जाताना ती नवऱ्याला एकच वाक्य बोलली, “आज माझ्याशी बोलू नका.” ओतारी मात्र ग्रहण सुटेपर्यंत अंगणात उभा राहिला. मध्ये मध्ये खाली बघायचा, पुन्हा वर बघायचा. डोळे दुखले नाहीत. पाणी आलं नाही. कशानेही त्याला मान फिरव म्हणून सांगितलं नाही.

ग्रहण सुटलं. सगळ्यांनी नदीवर अंघोळी केल्या. भट्टी पेटली. संध्याकाळी ओतारी जेवायला बसला. बायकोने न बोलता ताट पुढे सरकवलं आणि ती चुलीकडे गेली.

ओताऱ्याने भाकरीकडे बघितलं. भाकरीला मध्यभाग नव्हता.

कडा होत्या. कडेचे पापुद्रे दिसत होते. पण मध्ये कोणी काजळीचा अंगठा फिरवावा तसा एक डाग होता. त्याने हात लावला, भाकरी अख्खी होती. त्याने डोळे चोळले. तांब्यातलं पाणी घेऊन धुतले. मग समईकडे बघितलं. समईची दांडी दिसली, तेलाची वाटी दिसली. ज्योत दिसेना. जरा बाजूला बघितलं की ज्योत कडेला येऊन थरथरायची. सरळ बघितलं की पुसली जायची.

इतक्यात बायको वाढायला वाकली. तिच्या कानांतल्या कुड्या दिसल्या, कपाळावरचा पदर दिसला. तोंड दिसलं नाही. ज्याच्याकडे बघावं तेच नाहीसं होत होतं.

त्याच्या हातातला घास हातातच राहिला. आणि मग त्याच्या मनात आलं: बायो.

बायो माझ्या खांद्यावर होती. बायो म्हणाली, दिसला.

बायो आतल्या खोलीत गोधडीवर झोपली होती. तो तिच्यापाशी जाऊन बसला. तिला हलवून विचारावं, पोरी, तुला नीट दिसतंय ना? नाहीतर बायकोला विचारावं. पण विचारायचं म्हणजे आधी स्वतःचं सांगावं लागणार. सकाळी केवढं बोललो आपण, अंगणभर लोकांसमोर. उद्या घंटा ओतायची आहे. गाव म्हणेल, नजरच फुटली. सकाळपर्यंत निवळेल, असं मनाशी म्हणून तो तसाच आडवा झाला. झोप कसली लागते! पोरीच्या श्वासाकडे कान लावून तो पडून राहिला.

सकाळ झाली. डाग तिथेच होता.

अंगण माणसांनी भरलं होतं. ज्यांनी ज्यांनी वाट्या दिल्या होत्या त्या बायका लेकरं घेऊन आल्या होत्या. घाटावरचे नावाडी आले होते. जोशीबुवाही काठी टेकत येऊन कडेला बसले होते. भट्टी घुमत होती. बायको भात्यावर बसली होती. धाकटा भाऊ आणि मेहुणा मुशीचे दांडे धरायला दोन बाजूंना उभे राहिले, माना खाली, नजर पायांवर. ओतारी सवयीने चालत भट्टीशी आला.

त्याने मुशीत बघितलं. कडेला कसलासा उजेड होता. मध्ये, जिथे रंग बघायचा, तिथे काजळीचा अंगठा.

त्याने मान जराशी वळवून डोळ्याच्या कोपऱ्यातून बघून पाहिलं. रंग आल्यासारखा वाटला, पण केशरी की लिंबासारखा, ते कळेना. पाण्याखालची खूण वाचावी तसं. भाता धापा टाकत होता. घामाचा ओघळ त्याच्या मानेवरून पाठीत उतरला.

ओतण्याआधी घरातल्या धाकट्या मुलीने निरांजन घेऊन साच्याभोवती एक फेरी घालायची, असाही तिथला एक रिवाज होता. बायो तबक घेऊन निघाली. सगळे तिच्याकडे कौतुकाने बघत होते. ओतारीही बघत होता. त्याला तिचा परकर दिसत होता, पैंजण दिसत होते. अर्धी फेरी झाली. वाटेत लोखंडी चिमटा पडला होता, चांगला हातभर लांब, आंधळ्यालाही पायाने कळावा असा. बायोचा पाय त्यातच अडकला. ती धडपडली. तबक खणखणत जमिनीवर पडलं आणि निरांजन विझलं.

एका बाईने पोरीला उभं केलं. लागलं नव्हतं. “काही नाही, काही नाही,” लोक पुटपुटले. पण ओताऱ्याच्या मनात एकच आलं. एवढा मोठा चिमटा पोरीला दिसला नाही!

दांडे उचलले गेले. मूस भट्टीवरून वर आली. भाऊ आणि मेहुणा साच्यापाशी आले आणि त्या एका शब्दाची वाट बघत थांबले. त्यांनी वर बघितलंही नाही, इतका त्यांचा त्याच्यावर विश्वास होता. एक शब्द अंदाजाने बोलायचा होता. कदाचित बरोबर आला असता. कदाचित साचा फुटला असता.

“ओ...” तो म्हणाला आणि थांबला.

भावाचा हात हलला.

“थांब!” ओतारी ओरडला. “थांबा! मूस परत भट्टीवर ठेवा. मागे व्हा सगळे. मला दिसत नाही!”

भाता थांबला. बायको उठून उभी राहिली.

“मला रंग दिसत नाही,” तो पुन्हा म्हणाला, आता हळू. “काल उघड्या डोळ्यांनी ग्रहण बघितलं. संध्याकाळपासून मध्ये डाग आहे. मी लपवलं. आणि पोरीलाही मीच दाखवलं. माझ्या या खांद्यावर बसवून दाखवलं.”

तो चाचपडत बायोपुढे गुडघ्यांवर बसला. तिचे दोन्ही गाल त्याने हातांत धरले.

“बायो, खरं सांग. तुला माझं तोंड दिसतंय का गं?”

“दिसतंय की,” बायो म्हणाली.

“नीट बघ. मध्यभागी काय दिसतंय?”

“नाक.” ती जरा पुढे वाकली. “आणि तुमच्या मिशीला राख लागलीय, आबा.”

कोणीतरी हसलं. ओताऱ्याने तिचे गाल सोडले नाहीत. “मग काल? काल तू सूर्य बघितलास ना? कोयत्यासारखा म्हणालीस.”

बायोने आईकडे बघितलं. मग खाली मान घालून म्हणाली, “कोयत्यासारखा चाळणीतला होता. आईने सकाळीच सांगितलं होतं, आबांनी उचललंच तर डोळे गच्च मीट. मी मिटले. पण तुम्हाला वाईट वाटेल ना, म्हणून दिसला म्हटलं.”

“मग आता अडखळलीस ती?”

“तुम्ही माझ्याकडे बघत होता, पण तुमचे डोळे माझ्याकडे नव्हतेच. म्हणून मी तुमच्याकडेच बघत चालले. चिमट्याकडे कुठे बघितलं!”

ओताऱ्याने पोरीला छातीशी धरलं. इतक्या वर्षांत भट्टीने जे पाणी काढलं नव्हतं, ते त्याच्या डोळ्यांतून वाहायला लागलं.

“दादा,” भाऊ घाबरून म्हणाला, “मूस चढलीय. आता उतरवून चालणार नाही. रंग कोणी बघायचा?”

ओतारी उठला आणि भात्याकडे तोंड करून म्हणाला, “तू बघ गं. भाता मी ओढतो.”

“मी?” बायको म्हणाली. “मी कधी ओता म्हटलेलं नाही.”

“काय बघायचं ते मी सांगतो. काय दिसतं ते तू सांग.”

तिने पदर खोचला आणि मुशीपाशी आली. तो भात्यावर बसला.

“कडेला काय आहे?”

“पिवळं.”

“मध्ये?”

“केशरी. वर साय धरल्यासारखं काहीतरी आहे.”

“साय हलते का?”

“हलते.”

“थांब मग. गालाला चटका लागतोय?”

“लागतोय.”

“मान फिरव. फिरव म्हणतो ना! आता पुन्हा बघ.”

“साय फाटली. केशरी कमी झालं. अजून एक ठिपका आहे.” तिने डोळे बारीक केले. “ठिपका बारीक होतोय.”

“उचला दांडे!” ओतारी म्हणाला. भाऊ आणि मेहुण्याने मूस उचलून साच्यावर आणली. “आता?”

“आहे अजून... आहे... गेला! सगळं लिंबासारखं!”

“मग म्हण!”

“ओता!” ती ओरडली.

रस साच्यात उतरला. साचा थरारला, गुरगुरला आणि गप्प झाला. फुटला नाही.

साचा थंड होऊन फोडला तेव्हा घंटा अखंड निघाली. घाटावर बांधून पहिला टोला दिला, तो पैलतीराला जाऊन परत आला.

लोक पांगल्यावर ओतारी जोशीबुवांजवळ जाऊन बसला. “बुवा, गालाला चटका बसला नाही हो,” तो म्हणाला. “बसला असता तर मी मान फिरवली असती.”

बुवांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. “भट्टी सांगून भाजते. ग्रहणातला सूर्य झाकलेला असतो, धग कमी लागते, म्हणून माणसाला वाटतं की तो निवला. पण उरलेल्या कोरीची किरणं तीच असतात. आणि डोळ्याच्या आत जो नाजूक पडदा आहे, त्याला दुखणं कळतच नाही. तो मुकाट्याने जळतो.”

“भरून येईल का?”

“काहींचं थोडं निवळतं. काहींचं नाही. मी खोटं सांगणार नाही तुला.”

ओताऱ्याचं थोडं निवळलं. कडा साफ झाल्या, मधला डाग राहिला. तो त्याने जन्मभर सोबत बाळगला. भट्टीपुढे आता बायको उभी राहायची आणि तो भाता ओढायचा. गावाने तिला ‘नजर’ म्हणायला सुरुवात केली तेव्हा सगळ्यांत मोठ्याने तोच म्हणायचा. धुक्याच्या सकाळी नदीवरून येताना तो घंटेच्या आवाजावर घर गाठायचा, नावाड्यांसारखाच.

पुष्कळ वर्षांनी पुन्हा ग्रहण लागलं. बायो तोवर मोठी झाली होती. तिची स्वतःची लेक हाताशी होती. ओतारी अंगणात निंबाजवळ, उन्हात, सूर्याकडे पाठ करून बसला होता. आळीतली पोरं गोळा झाली, तसा एकाने मान वर करायला घेतली. म्हाताऱ्याने नुसत्या चाहुलीवर त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि अलगद खाली दाबला.

“खाली बघ रे राजा. तो खालीच येतो आपल्याकडे.”

बायोने ती जुनी पितळी चाळणी त्याच्या तळहातावर धरली. सुरकुतल्या तळव्यावर कोरी उतरल्या. सरळ बघितलं की त्या पुसल्या जात. म्हणून तो जरा बाजूला, नातीच्या हसण्याकडे बघत राहिला, आणि मग डोळ्याच्या कडेला त्या दिसल्या. कोयत्यासारख्या.

या गोष्टीचं तात्पर्य इतकंच: ग्रहण जरूर बघा, पण पाठ करून चाळणीतून बघा, नाहीतर ग्रहणासाठीच बनवलेल्या, चरे न पडलेल्या खऱ्या चष्म्यातून बघा. डोळा जळताना ओरडत नाही, म्हणून तो दुखायची वाट बघू नका. आणि आपली फुशारकी मिरवायला लेकराला खांद्यावर घेऊ नका.